अनुभवाच्या रकान्यात काय लिहू?

महोदया,

मी गडहिंग्लज तालुक्यातल्या एका खेड्यातून रोज एसटीने कॉलेजला येते आणि बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. गेल्या महिन्यात कॉलेजात झालेल्या एका कार्यक्रमात पाहुण्यांनी आम्हाला बायोडेटा लिहायला लावला. शिक्षणाचा रकाना भरला, पण अनुभवाच्या रकान्यात मला एक ओळही लिहिता आली नाही. वडील गावच्या दूध संस्थेचे सचिव आहेत. सकाळी मी त्यांना मदत करते आणि गेली दोन वर्षे १४० सभासदांची बिले संगणकावर मीच काढते, पण ते घरचेच काम. वर्गातल्या काही मैत्रिणींनी ४,५०० रुपये भरून एक महिन्याची ‘ऑनलाइन इंटर्नशिप’ घेतली आहे आणि त्यांना प्रमाणपत्रही मिळाले आहे. तिसऱ्या वर्षी आम्हाला चार क्रेडिटचे कार्यप्रशिक्षण आहे, परंतु ओळखीच्या कोणाचेही सहीशिक्क्याचे पत्र आणून दिले की भागते, असे वरच्या वर्गातली मुले सांगतात. वडिलांचे म्हणणे असे की आधी डिग्री हातात येऊ दे, बाकीचे मग बघू. पुण्या-मुंबईत माझी ओळख नाही आणि इंग्रजीही कच्चे आहे. मी ते पैसे भरावेत का? आणि भरायचे नसतील, तर अनुभव आणायचा कुठून?

— एक विद्यार्थिनी

प्रिय वाचक,

पैसे भरू नका. या एका प्रश्नाचे उत्तर इतके सरळ आहे की त्यावर अधिक वेळ घालवण्याची गरज नव्हती, पण तुमच्या मैत्रिणींनी ते भरले आहेत आणि उद्या आणखी काही जणी भरतील, म्हणून दोन वाक्ये लिहिते. ज्याला खरोखर काम करून हवे असते तो काम करणाऱ्याकडून पैसे मागत नाही. फार तर देत नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या किंवा संगणकाच्या क्लासला फी असते आणि ती योग्यच आहे, कारण तिथे शिकवण्याचा मोबदला घेतला जातो व त्या क्लासला कोणी अनुभव म्हणत नाही. चार-दोन व्हिडिओ आणि एक प्रश्नावली यांना ‘इंटर्नशिप’ असे नाव देऊन जेव्हा शुल्क आकारले जाते, तेव्हा तुम्ही विकत घेता तो फक्त कागद असतो, आणि मुलाखत घेणाऱ्यांच्या हातातून असे कागद रोज जात असतात.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, जे तुम्ही जाता जाता लिहून टाकले आहे. १४० सभासदांची बिले दोन वर्षे काढणे हे घरचे काम नव्हे. ती संस्था तुमच्या वडिलांची नाही, सभासदांची आहे. सकाळी रांगेत उभा असलेला शेतकरी किटली रिकामी करतो, मशिनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दिसते, दरपत्रकावरून त्या दिवसाचा दर ठरतो; दहा दिवसांनी त्याच आकड्यांची बेरीज होते, पशुखाद्याच्या पोत्याचे आणि घेतलेल्या उचलीचे पैसे त्यातून कापले जातात, आणि उरलेल्या रकमेवर त्या घराचा किराणा चालतो. “काल म्हशीचे फॅट ६.८ होते, आज ६.१ कसे?” असे विचारत एखादा काका काउंटरवर हात आपटतो, तेव्हा त्याच्यासमोर नमुना पुन्हा मशिनला लावून, कालची आणि आजची नोंद दाखवून त्याला शांत करण्याचे काम तुम्ही कितीदा केले असेल याची मला कल्पना आहे. दिवाळीच्या आधी फरक बिल, म्हणजे वर्षभराच्या दुधावर सभासदाला मिळणारी वाढीव रक्कम, काढताना वर्षभराचे लिटर सभासदवार जुळवावे लागतात आणि एका नावापुढचा आकडा दुसऱ्याच्या नावापुढे गेला तर गावात तोंड दाखवणे अवघड होते, हेही तुम्हाला कोणी शिकवायला नको. दर ठरवणे, कपात, मुदत, तक्रार आणि वार्षिक मेळ हे सगळे ज्या कामात आहे, त्याला तुम्ही कोऱ्या रकान्यात बसवले आहे.

मी एका कारखान्याच्या हिशेब विभागात २६ वर्षे काम केले आणि त्यातली निम्मी वर्षे मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बसले. बी.कॉम. झालेल्या उमेदवाराला मी एक प्रश्न हमखास विचारत असे: तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा आणि ती कशी सापडली ते सांगा. प्रमाणपत्रांची फाइल घेऊन आलेली बहुतेक मुले इथे अडखळत, कारण ज्याने काम केलेले नसते त्याच्याकडे चूकही नसते. एकदा एका मुलाने गणेश मंडळाच्या पावती पुस्तकांची हकिकत सांगितली. बारा पुस्तके वाटली होती, अकराच परत आली आणि जमा रक्कम मात्र जुळत होती. त्याने पावत्यांचे अनुक्रमांक लावून पाहिले तेव्हा बारावे पुस्तक न वापरता कोणाच्या तरी टेबलाच्या खणात पडल्याचे निघाले. त्याला इंग्रजी यथातथाच येत होते. आम्ही त्याला घेतले.

माझी स्वतःची चूकही सांगते, म्हणजे उपदेश एकतर्फी होणार नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी खतांच्या एका गोदामात साठ्याची नोंद करायला जात असे. थप्पीच्या दर्शनी बाजूच्या गोण्या मोजायच्या, खोली मोजायची आणि गुणाकार करायचा, असा माझा शहाणपणा होता. एका थप्पीची मागची बाजू पोकळ होती आणि साठा नोंदीपेक्षा ४० गोण्यांनी कमी भरला. गोदामाच्या व्यवस्थापकांनी आवाज न चढवता मला पुन्हा मोजायला लावले, प्रत्येक गोणीला हात लावून, भर मे महिन्यात. त्या दुपारनंतर मोजल्याशिवाय लिहिलेला आकडा मला ओळखता येऊ लागला, स्वतःचा आणि दुसऱ्याचाही. असे शिक्षण मिळायला दोन गोष्टी लागतात: आपल्या कामावर दुसरे कोणीतरी अवलंबून असले पाहिजे आणि ते तपासणारे डोळे जवळ असले पाहिजेत. घरबसल्या पाहिलेल्या व्हिडिओत या दोन्ही नसतात. तुमच्या दूध संस्थेत पहिली आहे. दुसरी थोडी कमी पडते, कारण तपासणारे वडीलच आहेत.

म्हणून पुढचे पाऊल गावाबाहेर टाका, पण पुण्या-मुंबईपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. गडहिंग्लजमध्ये कर सल्लागारांची आणि सनदी लेखापालांची कार्यालये आहेत आणि बी.कॉम.च्या विद्यार्थिनीला शिकण्यासाठी त्याहून चांगली जागा मला सुचत नाही. तिथले महिन्याचे चक्र समजून घ्या. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला विक्रीचे जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचे असते. सर्व पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून १४ तारखेला त्याचे जीएसटीआर-२बी तयार होते, म्हणजे कोणी त्याच्या नावावर किती खरेदी दाखवली याची यादी. आणि २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी भरून कर जमा करायचा असतो. १४ ते २० या दिवसांत कार्यालयातल्या प्रत्येक टेबलावर एकच काम चालते: व्यापाऱ्याची खरेदी नोंदवही आणि २बी एकमेकांशी जुळवणे.

हे काम बाहेरून कंटाळवाणे दिसते, परंतु धंदा कसा चालतो हे जितके त्यातून कळते तितके पाठ्यपुस्तकातून कळत नाही. उदाहरण घ्या. गडहिंग्लजच्या एका दुकानदाराने संकेश्वरहून ४०,००० रुपयांचा माल मागवला, त्यावर १८ टक्के दराने ७,२०० रुपये कर लागला. नोंद करणाऱ्याने राज्यातल्या खरेदीच्या सवयीने ३,६०० केंद्राचा आणि ३,६०० राज्याचा असा कर टॅलीत टाकला. एकूण रक्कम बरोबर, बिलाचा क्रमांक बरोबर, तरी २बी जुळत नाही. अशा वेळी नवशिका माणूस बेरजा तपासत बसतो आणि अनुभवी माणूस पुरवठादाराच्या पंधरा अंक-अक्षरी जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक पाहतो. महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९, गोव्याचे ३०. तिथे २९ दिसले की माल राज्याबाहेरून आला हे कळते आणि संपूर्ण ७,२०० एकात्मिक करात, म्हणजे राज्याबाहेरच्या मालावर लागणाऱ्या जीएसटीत, गेले पाहिजेत हेही कळते. गडहिंग्लजसारख्या सीमेलगतच्या बाजारपेठेत ही चूक वारंवार होणारच, त्यामुळे दोन महिन्यांत तुमची नजर आपोआप त्या दोन अंकांवर जाईल. तेव्हा तुम्ही जे सांगू शकाल ते तुमच्या वर्गात फार थोड्यांना सांगता येईल.

काम मागायला जाताना बायोडेटा पुढे सरकवून गप्प बसू नका. दोन मिनिटांत बोलता येईल इतके मनात जुळवून जा: “सर, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या दूध संस्थेची दहा दिवसांची बिले मी दोन वर्षे काढते. मला खरेदी-विक्रीच्या नोंदी आणि २बीची जुळवणी शिकायची आहे. कॉलेज दुपारी सुटते, आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास मी येऊ शकेन.” यात तुम्ही काय केले, काय हवे आणि किती वेळ देऊ शकता हे सगळे आले. पहिल्या-दुसऱ्या ठिकाणी नाही म्हणतील, तिथे “परत कधी येऊ?” एवढे विचारून उठावे. पैशाबद्दल माझे मत असे की पहिल्या महिन्यात पगाराची भाषा करू नये, पण जाण्या-येण्याचा खर्च निघावा इतके मागायला लाजू नये, आणि तीन महिन्यांनंतरही तुमच्या वाट्याला झेरॉक्स, फायलींना पंचिंग आणि चहाचा निरोप एवढेच येत असेल तर आभार मानून दुसरीकडे जावे. शिकण्याच्या नावाखाली वर्षभर फुकट राबवून घेणारी माणसेही असतात, आणि ती बोलायला फार गोड असतात.

जागा निवडताना एक गोष्ट मात्र बारकाईने पाहा. कार्यालयात आणखी कोणी स्त्री काम करते का, काम संपण्याची वेळ आणि तुमची शेवटची सोयीची एसटी यांचा मेळ बसतो का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. यात संकोचण्यासारखे काही नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असावी लागते आणि त्याहून लहान कार्यालयासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे माहीत असावे, म्हणजे वेळ आलीच तर शोधत बसावे लागत नाही.

तिथे गेल्यावर पहिली परीक्षा हिशेबाची होणार नाही, तोंडाची होईल. कर सल्लागाराच्या टेबलावर अख्ख्या बाजारपेठेची उलाढाल उघडी पडलेली असते. कोणत्या दुकानाची विक्री घटली, कोणाचे कर्ज थकले, हे तुम्हाला दिसेल आणि त्यातले निम्मे लोक तुमच्या गावच्या आठवडी बाजारात भेटतील. एक शब्दही बाहेर जाता कामा नये. बिलांचे फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवू नका, कोणाचा पासवर्ड वहीत लिहू नका, आणि ग्राहकाचा ओटीपी मागण्यास सांगितले तर तो कशासाठी हवा हे आधी समजून घ्या. पुष्कळ कार्यालयांत ग्राहकांच्या डिजिटल सहीच्या पेनड्राइव्हसारख्या चाव्या एका डब्यात नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या असतात. त्या डब्याला सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही आणि सांगितले तरी काय भरले जात आहे ते वाचल्याशिवाय नाही. ती दुसऱ्या माणसाची सही आहे. हे पथ्य पाळणाऱ्या मुलीला लोक विश्वासाने पुढचे काम देतात, आणि न पाळणाऱ्याला का काढले ते कधी सांगतही नाहीत.

कार्यप्रशिक्षणाबद्दल तुम्ही लिहिले आहे त्यावर मी थोडी रागावले, तुमच्यावर नव्हे. चार क्रेडिट म्हणजे साधारण १२० तास. नव्या शैक्षणिक धोरणाने हे तास अभ्यासक्रमात आणले ते गावातल्या, ओळखी नसलेल्या मुलांनाही कामाच्या जागेचा दरवाजा उघडावा म्हणून, आणि नेमकी तीच मुले खोटे पत्र आणून तो दरवाजा बाहेरून लावून घेत आहेत. नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी व्यवहार पाहा: ज्या १२० तासांसाठी वेळापत्रकात जागा आहे आणि गुणही आहेत, ते तुम्ही घालवले तर तेवढाच वेळ पुढे स्वतःच्या खिशाला खार लावून काढावा लागेल. ज्या कार्यालयात तुम्ही यंदा जाल तिथेच पुढच्या वर्षीचे कार्यप्रशिक्षण करता येईल का, त्यासाठी कोणाची पूर्वपरवानगी लागते आणि रोजची नोंद कोणत्या नमुन्यात ठेवायची, हे विभागप्रमुखांना आताच विचारा.

वडिलांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. कामाच्या नादात हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली आणि एखादा विषय राहिला, तर त्या अनुभवाचे कोणी कौतुक करणार नाही. म्हणूनच मी आठवड्याला बारा तास म्हटले. दहा आठवड्यांत १२० होतात आणि परीक्षेच्या महिन्यात सुट्टी घेण्याचे पहिल्या दिवशीच सांगून ठेवता येते. जुलै आणि सप्टेंबर हे या कार्यालयांच्या धावपळीचे महिने असतात, तुमच्या सत्र परीक्षा सहसा त्यानंतर येतात, त्यामुळे मेळ बसण्यासारखा आहे. राहिला प्रश्न शिकताना काम करावे की नाही याचा, तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हापासून स्वावलंबी शिक्षण हेच तिचे ब्रीद आहे, आणि ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आपल्याकडच्या घराघरांत त्यांच्यामुळे पोहोचले. वडिलांना हे ठाऊक असणारच. त्यांना खरी भीती वेगळी असावी: सकाळी संस्थेत त्यांच्या मदतीला कोण? तेव्हा सकाळ सोडू नका, त्यांना तसे स्पष्ट सांगा.

सरकारी योजनांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण कोणीतरी सांगेल म्हणून आधीच लिहिते. २०२४ मध्ये जाहीर झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणि राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना या दोन्ही ज्या नियमांनी सुरू झाल्या, त्यांत नियमित शिक्षण चालू असलेल्यांना जागा नव्हती. पदवी झाल्यावर तेव्हाचे नियम पाहून अर्ज करा. आज त्यामागे धावू नका.

इंग्रजीचे म्हणाल तर बोलण्याची चिंता तूर्त सोडा आणि लिहिण्याकडे वळा, कारण कार्यालयातले इंग्रजी फार थोड्या वाक्यांचे असते. जून महिन्याची खरेदी बिले अद्याप मिळाली नाहीत, कृपया १२ तारखेपूर्वी पाठवावीत. सोबतच्या यादीतील तीन बिले आपल्या पुरवठादाराने दाखवलेली नाहीत, कृपया त्यांच्याशी संपर्क साधावा. अशी वीस-पंचवीस पत्रे मराठीत आणि इंग्रजीत लिहून कोणाकडून तरी तपासून घेतलीत की तुमची अर्धी धास्ती जाईल. एक्सेलमध्ये दोन याद्या सूत्राने जुळवणे आणि पिव्हट टेबल (मोठ्या यादीचा गटवार गोषवारा) काढणे एवढे मात्र कार्यालयात जाण्यापूर्वीच शिकून घ्या. त्यासाठी कॉलेजची संगणक प्रयोगशाळा आणि दूध संस्थेचे नमुना आकडे पुरेसे आहेत.

आणि एक वही करा. रोज निघताना तीन ओळी: आज काय केले, काय अडले, कसे सुटले. सहा महिन्यांनी मुलाखतीची सगळी उत्तरे त्या वहीत सापडतील. अनुभवाच्या रकान्यासाठी मात्र सहा महिने थांबू नका, आजच असे लिहा: “गावच्या सहकारी दूध संस्थेत सचिवांना दोन वर्षे साहाय्य. सुमारे १४० सभासदांच्या दूध संकलनाच्या दैनंदिन नोंदी, फॅट व एसएनएफनुसार दराची आकारणी, पशुखाद्य व उचल यांची कपात, दहा दिवसांची बिले, सभासदांच्या तक्रारींचे निरसन.” यातला शब्द न् शब्द खरा असला पाहिजे. फरक बिलात तुमचा किती हात होता ते मला ठाऊक नाही. असेल तर तेही लिहा, आणि नसेल तर येत्या दिवाळीत वडिलांशेजारी बसून ते शिकून घ्या व मगच लिहा.

कार्यालयात जाण्याचा दिवस नीट निवडा. १४ ते २० या तारखांत कोणत्याही कर सल्लागाराच्या दारात उभे राहू नका. ते तुमच्याकडे मान वर करूनही पाहणार नाहीत. २१ नंतरची एखादी दुपार बरी. सोबत तुम्ही काढलेल्या दहा दिवसांच्या बिलाचा एक नमुना न्या, म्हणजे बोलायला काहीतरी हातात असेल, आणि निघण्यापूर्वी त्यावरची सभासदाची नावे व खाते क्रमांक काळ्या शाईने झाकायला विसरू नका. समोरचा माणूस जाणता असेल, तर आकड्यांच्या आधी त्याचे लक्ष त्या काळ्या पट्ट्यांकडे जाईल.